पाच चिन्हांत वाक्य: पहिली-दुसरीच्या वर्गातलं वाचन-लेखन

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात गेलं, तर भिंतीवर अ ते ज्ञ असा तक्ता असतो आणि शिकवण्याचा क्रमही बहुधा त्या तक्त्याचाच असतो. आधी स्वर, मग क पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरं, मग बिनकान्याचे शब्द, दिवाळीनंतर काना, त्यानंतर वेलांट्या, उकार, मात्रा आणि वर्ष संपता संपता बाराखडी. जोडाक्षरं दुसरीत. यात शिक्षकाचे कष्ट कमी नसतात. अडचण अशी की या वाटेने गेलेलं मूल पहिलं खरं वाक्य वाचतं ते जानेवारीत. तोपर्यंत त्याच्या वाट्याला येतं ते ‘मगन, गवत धर’ छापाचं काहीतरी, जे घरात, अंगणात किंवा बाजारात कुणीच बोलत नाही. बिनकान्याच्या शब्दांत ‘मामा’ बसत नाही, ‘पाणी’ बसत नाही, ‘मला भूक लागली’ तर नाहीच नाही.

वर्णमालेचा क्रम मुळात उच्चारस्थानांचा आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी ती मांडणी. व्याकरणाला उत्तम, सहा वर्षांच्या मुलाला निरुपयोगी. ङ आणि ञ त्याला कधी लागणारच नाहीत, ण आणि ळ ने मराठी शब्द सुरूच होत नाहीत, आणि ‘ल’ सारखं रोजचं अक्षर येईपर्यंत पावसाळा संपतो. शिवाय सगळीच अक्षरं आधी आणि सगळीच स्वरचिन्हं नंतर, हे वाटतं तितकं सोपं नाही. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, स्वर 14 झाले, व्यंजनं 34. म्हणजे बाराखडीची (आता खरं तर चौदाखडीची) पावणेपाचशे घरं. ती पाठ होतात. पाठ झालेली बाराखडी वाचायला मात्र कामी येत नाही, कारण ‘के’ कुठे आहे हे सांगायला मूल ‘क का कि की’ पासून सुरुवात करतं.

म्हणून इथे दुसरी रीत मांडतो आहे: चार-पाच अक्षरं, त्यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यात एक स्वरचिन्ह, आणि त्याच आठवड्यात शब्द व वाक्यं. ही रीत नवी नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यात 2007 पासून काम करणारी क्वेस्ट अशा संस्थांनी मराठी वाचनाच्या सुरुवातीवर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. तरी अजून बऱ्याच वर्गांत तक्ताच जिंकतो. पालकांना तोच ओळखीचा असतो, हे त्याचं एक कारण.

पहिला गट कसा निवडायचा

गट निवडताना चार गोष्टी पाहायच्या. अक्षर बोलण्यात वारंवार येतं का, त्या गटातून पुष्कळ शब्द होतात का, दिसायला सारखी अक्षरं एका गटात आली नाहीत ना, आणि हाताला वळण सोपं आहे का. चारही कसोट्यांना एकाच वेळी उतरणारा गट मिळत नाही. शब्द होणं सगळ्यांत महत्त्वाचं, बाकीच्यांत तडजोड चालते.

एक चालणारा पहिला गट: क, म, ल, न आणि काना. चिन्हं पाचच. त्यांतून काम, कान, नाक, मान, लाल, मका, मला, काका, मामा, नाना, माल, कमान, कमाल, मामाला, नानाला एवढे शब्द होतात. वाक्यंही होतात: ‘मला मका.’ ‘नानाला काम.’ ‘काका, मला मका ना!’ वाक्यांत क्रियापद नाही हे खरं, पण बोलताना आपणही असंच बोलतो. वर्गात ही दोन वाक्यं लागोपाठ वाचली (मला मका, नानाला काम) की मुलं हसतात. हसली म्हणजे अर्थ पोचला. यापेक्षा चांगली तपासणी पहिल्या महिन्यात नसते.

दुसऱ्या गटात स, ब, घ, र, स्वतंत्र आ आणि ई, आणि ी. आता ‘मनी आली. मनी घरी आली. मनी बसली. आई, मनीला मासा!’ अशी चार ओळींची गोष्ट तयार होते. तिसऱ्यात त, प, ग, ह आणि े, ो. इथे ‘आहे’ येतं, ‘गेला’ येतं, ‘तो’ येतो, आणि मजकूर एकदम मोकळा होतो. पहिल्या गटाला तीन आठवडे द्यावेत, पुढच्यांना दोन-दोन पुरतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सोळा ते अठरा अक्षरं आणि चार स्वरचिन्हं पक्की असली तरी मूल त्याच्या आवाक्यातली आठ-दहा ओळींची गोष्ट स्वतः वाचतं. अक्षरं मोजली तर तक्त्याच्या वर्गापेक्षा ती कमीच भरतात. पालकांना हे जूनच्या सभेतच सांगून ठेवावं, नाहीतर ‘शेजारच्या शाळेत ज्ञ पर्यंत झालं’ ही तक्रार ऑगस्टमध्ये येतेच.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या लक्षात ठेवायच्या: म-भ, घ-ध, ब-व, य-थ, प-ष, ट-ठ-ढ, ड-ङ-इ. जोडीतलं एक आधी शिकवायचं, ते पक्कं होऊ द्यायचं, दुसरं किमान दोन गट सोडून आणायचं. दोन्ही पक्की झाल्यावरच त्यांची समोरासमोर तुलना. ‘हा म आणि हा भ, फरक बघा’ असं पहिल्याच दिवशी केलं की गोंधळ तिथेच जन्माला येतो आणि तिसरीपर्यंत टिकतो.

वेलांटीची उलटापालट

पहिली वेलांटी (ि) शिकवायची घाई करू नये. काना, दुसरी वेलांटी, मात्रा यांत डोळा आणि कान एकाच दिशेने चालतात किंवा निदान भांडत तरी नाहीत. पहिल्या वेलांटीत चिन्ह आधी दिसतं आणि आवाज नंतर येतो. मूल ‘किती’ वाचताना अडखळतं, लिहिताना वेलांटी मागच्या अक्षराच्या अंगावर टाकतं किंवा गाळूनच टाकतं. ी आधी महिनाभर वापरात राहू द्यावी, मग ‘माती’मध्ये ऐकलेला तोच आवाज ‘किती’च्या सुरुवातीला आहे हे कानाने पटवून ि आणावी. लिहिताना अक्षर आधी की वेलांटी आधी, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. सुरुवातीला अक्षर आधी लिहू द्यावं, डावीकडे बोटभर जागा सोडायला सांगावी, असं माझं मत. आवाजाचा क्रम हाताशी जुळतो. सहा महिन्यांनी हात आपोआप वेलांटीपासून सुरू होतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय? पहिलीत काही नाही. मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक बऱ्याचदा कानाला लागतच नाही; तो लेखननियमांचा फरक आहे. शेवटचा इकार-उकार दीर्घ एवढाच एक नियम दुसरीत सांगितला तरी निम्म्या चुका कमी होतात, कारण ‘पाणी, माती, लाडू, चाकू’ असे शब्दच जास्त येतात. ‘फूल’चं ‘फुलं’ का होतं हे तिसरीनंतर.

आणखी एक सवय मुळातच लावू नये: ‘कला काना का, कला वेलांटी कि’ ही चाल. ती ऐकायला गोड आहे, पण ज्या मुलाला ती लागली ते ‘काका’ वाचताना ‘कला काना का, कला काना का, काका’ असं वाचतं. तोवर शब्दाचा अर्थ हवेत विरतो. ‘क कमळाचा’ याचंही तेच होतं. चित्र अक्षराला चिकटतं आणि सुटत नाही. नवं अक्षर आणताना चित्र वापरावं, तिसऱ्या दिवशी काढून घ्यावं. ‘का’ हे एकच चिन्ह म्हणून, एका झटक्यात ओळखता यायला हवं.

स्वरचिन्ह बदललं की शब्द बदलतो, हे दाखवायला मराठीत जोड्या भरपूर आहेत. पाटी-पेटी. काळा-केळी-कोळी. गाडी-गोडी. मार-मोर. पाट-पोट. फळ्यावर ‘पाटी’ लिहायचं, काना पुसायचा, मात्रा द्यायची आणि विचारायचं, आता काय झालं? रोज पाच मिनिटं, चार शब्द. बाराखडी म्हणण्यात जो वेळ जातो त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे होतं.

जोडून वाचणं अडतं कुठे

‘न… म… न…’ असं तिन्ही अक्षरं पूर्ण उच्चारून मूल थांबतं आणि शिक्षकाकडे बघतं. अक्षरं तिन्ही बरोबर आहेत, शब्द मात्र सापडलेला नाही. कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही आणि मधलाही पुष्कळदा गिळतो. ‘बसला’ हा शब्द कानाला ‘बस्ला’ असा येतो. सुटं सुटं, सारख्या वजनाने म्हटलेलं ‘ब-स-ला’ मुलाने आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं. त्यामुळे अक्षरं वाचून झाल्यावर दरवेळी एकच सूचना द्यायची: ‘आता नेहमी बोलतो तसं म्हण.’ मूल दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणतं आणि मग चेहरा बदलतो. शिक्षकाने शब्द सांगून टाकण्याची घाई केली की ही पायरी मूल कधीच चढत नाही. दहा सेकंद थांबायचं. थांबणं अवघड असतं, विशेषतः पस्तीस मुलांच्या वर्गात.

हे जोडणं जमायला आधी कान तयार हवा, आणि त्यासाठी पहिले दोन-तीन आठवडे पाटी-पेन्सिलीशिवायचे खेळ पुरतात. नावावर टाळ्या (भा-क-री, तीन टाळ्या). ‘म ने सुरू होणाऱ्या वस्तू सांगा.’ शेवटच्या अक्षराच्या भेंड्या. ‘पाटीमधून पा काढला, काय उरलं?’ शेवटचा खेळ सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी. ज्याला तो जमत नाही त्याला अक्षरं ओळखू आली तरी जोडता येत नाहीत, असं पुढे वारंवार दिसतं. सर्व मुलं हे करायला लागेपर्यंत अक्षरं थांबवायची गरज नाही, दोन्ही बरोबर चालवावं.

च, ज, झ यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च वेगळे, लिहिण्यात एकच. मूल ‘चाक’ हे ‘चार’सारखं वाचतं तेव्हा त्याची चूक नाही, अर्थ लागला की उच्चार आपोआप सुधारतो. अनुस्वाराचंही असंच. ‘आंबा’, ‘पंखा’, ‘घंटा’ या तिन्हींत टिंब एकच, पण नाकातला आवाज पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. नियम सांगत बसू नये. पंधरा-वीस शब्द वाचायला द्यावेत. ‘फुलं’, ‘घरं’ यांतलं टिंब मात्र वेगळं, तिथे नाकातून काही येतच नाही, फक्त अ लांबतो. गोष्टींच्या पुस्तकांत बोली वळणाची भाषा असते, त्यामुळे हे टिंब पानोपानी येतं. म्हणून ते लवकर दाखवलेलं बरं.

जोडाक्षरं दुसरीवर ढकलणं हा आणखी एक तोटा. मराठीतली कुठलीही गोष्ट उघडा, पहिल्या पानावर ‘म्हणाला’ सापडेल. ‘त्या’, ‘च्या’, ‘ल्या’, ‘तुझ्या’ यांच्याशिवाय दोन वाक्यं पुढे जात नाहीत. त्यामुळे म्ह, त्य, च्य, ल्य ही चार पहिलीच्या दुसऱ्या सत्रातच, नियमाविना, तयार ठसे म्हणून ओळखीची करावीत. पद्धतशीर जोडाक्षरं दुसरीत घेताना क्रम असा ठेवावा: आधी दंड गळणारी (स्त, न्य, प्त, ब्द), मग क आणि फ, मग पाय मोडून होणारी (ट्य, ड्य), आणि सर्वांत शेवटी र.

र ला स्वतंत्र दोन आठवडे लागतात. रफार डोक्यावर दिसतो त्या अक्षराच्या आधी उच्चारायचा, हे वेलांटीच्या उलटापालटीसारखंच, आणि शब्दात काना आला तर तो आणखी पुढे सरकतो. ‘गर्दी’चं ‘गदरी’ होणं नेहमीचं. ‘चक्र’मधला र पायाशी, ‘ट्रक’मधला वेगळ्या आकाराचा, आणि ‘पुऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला चंद्रकोरीसारखा. सूर्य आणि पुऱ्या हे शब्द शेजारी लिहून मोठ्याने म्हणायला लावले की फरक कानाला कळतो: सूर्यमध्ये आघात पडतो, पुऱ्यामध्ये पडत नाही. दिवसाला एकच आकार, सहा-सात शब्द आणि त्या शब्दांची दोन वाक्यं. त्यापुढे गेलं की सगळे र एकत्र होतात.

हातात पेन्सिल

लिहायला शिकवण्याचा क्रम वाचनाच्या गटांचाच ठेवावा, पण वळणांची कुटुंबं डोक्यात असू द्यावीत. ब, व, क एका वळणाची; ग, म, न, भ दुसऱ्या; ट, ठ, ढ, द तिसऱ्या; प, ष, फ चौथ्या. एक जमलं की दुसऱ्याला निम्मा वेळ लागतो. जमिनीवर खडूने हातभर मोठं अक्षर काढून त्यावरून बोट फिरवणं, मग पाटी, मग वही. पहिल्या महिन्यात वही नसली तरी बिघडत नाही.

डोक्यावरची रेघ सगळा शब्द लिहून झाल्यावर एकदाच द्यायची. याचा फायदा असा की एक रेघ म्हणजे एक शब्द हे मुलाला दिसतं. तोटा असा की काही मुलं सगळ्या ओळीवर एकच रेघ ओढतात. त्यांना दोन शब्दांत बोट ठेवायला शिकवावं. आणि एक धोका: ध, भ, थ यांच्यावरची रेघ सलग नसते. उत्साहाने पूर्ण रेघ ओढली की ध चा घ आणि भ चा म होतो. मूल अक्षर बरोबर लिहितं, रेघेने चुकतं, आणि शिक्षकाला वाटतं त्याला भ येत नाही.

कार्डं संगणकावर छापत असाल तर ल आणि श तपासून घ्या. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श सगळ्याच फाँटमध्ये येत नाहीत. हिंदी वळण येतं. फळ्यावर एक आणि कार्डावर दुसरं असलं की मुलाच्या लेखी ती दोन अक्षरं असतात. कार्डं हाताने, जाड स्केचपेनने लिहिलेली उत्तम. दहा बाय दहा सेंटिमीटर, मागच्या ओळीतून दिसेल असं.

शब्द दहा-दहा वेळा लिहायला देणं हा वेळ घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ‘कमळ दहा वेळा लिहा’ म्हटल्यावर मूल काय करतं ते नीट पाहावं: आधी खाली खाली दहा क, मग दहा म, मग दहा ळ. कमळ हा शब्द त्याने एकदाही लिहिलेला नसतो. फळ्यावरून उतरवून घेण्याचंही तसंच. डोळा एकेक तुकडा उचलतो, हात ठेवतो, मधे डोकं येत नाही. उतरवायचंच असेल तर शब्द दाखवा, वाचून घ्या, झाका, मग लिहू द्या, मग उघडून मुलालाच तपासू द्या.

श्रुतलेखन पाच शब्दांचं, शेवटी एक वाक्य. शिक्षक शब्द म्हणतो, मुलं एकत्र म्हणतात, टाळ्यांनी तोडतात, लिहितात. प्रत्येक शब्दाखाली चूक-बरोबर असं नको. पंधरा दिवसांतून एकदा वह्या घेऊन चुकांची वर्गवारी करावी: स्वरचिन्ह गाळलं, चुकीचं दिलं, वेलांटीची जागा चुकली, टिंब राहिलं, अक्षर बदललं. वीस मुलांच्या वह्यांना अर्धा तास लागतो आणि पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते त्यातून निघतं. निम्म्या वर्गाची टिंबं राहत असतील तर प्रश्न मुलांचा नाही, धडा नीट झालेला नाही.

मात्र लेखन म्हणजे श्रुतलेखन नव्हे. ज्या मुलाला बारा अक्षरं येतात त्याला स्वतःचं काहीतरी लिहू द्यायला हरकत नाही. चित्र काढायचं आणि खाली एक ओळ. येत नाही ते अक्षर टाकून रिकामी जागा, किंवा जवळचं काही. ‘आज मी भात खल’ असं आलं तर शिक्षकाने मजकुराला उत्तर लिहावं (‘भाताबरोबर काय होतं?’) आणि दुरुस्ती एकच करावी, तीही शिकवून झालेल्या चिन्हाची. इथे ‘खाल्ला’तलं जोडाक्षर सोडून द्यावं, कान्याकडे बोट दाखवावं. सगळ्या चुकांना लाल गोल घातले की पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीचे शब्द लिहितं, आणि खात्रीचे शब्द चारच असतात.

इथे घरच्या भाषेचा मुद्दा येतो. वऱ्हाडात, खानदेशात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात. राज्याच्या बऱ्याच भागांत ‘पाणी’चं ‘पानी’ असतं. मूल ‘डोया’ लिहितं तेव्हा त्याने नेमकं ऐकून, नेमकं लिहिलेलं असतं. वाचन-लेखनाचं कौशल्य म्हणून ते शंभर टक्के बरोबर आहे. शाबासकी द्यावी, आणि ‘पुस्तकात हे असं लिहितात’ म्हणून शेजारी ‘डोळा’ लिहावं. दोन्ही भिंतीवर राहू द्यावेत. कोरकू, वारली, पावरी, गोंडी घरांतून येणाऱ्या मुलांच्या वर्गात तर पहिल्या गटातले शब्द निवडतानाच ते शब्द मुलांना माहीत आहेत का हे पाहावं लागतं. ‘कमान’ वाचता आलं पण कमान म्हणजे काय ठाऊक नसेल, तर ‘नेहमी बोलतो तसं म्हण’ ही सूचनाच फुकट.

दिवसाचे दीड तास

भाषेचे दीड तास मिळतात असं धरून एक आखणी देतो. वीस मिनिटं गोष्ट: शिक्षकाने पुस्तक हातात धरून, चित्रं दाखवत, पुस्तकातली भाषा न बदलता वाचायची. मधे दोनच थांबे, ‘आता काय होईल?’ विचारायला. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ सांगत बसलं की गोष्ट मरते. पंचवीस मिनिटं अक्षर-शब्दांचं काम. वीस मिनिटं वाचन, जोडीत. वीस मिनिटं लेखन. उरलेली पाच मिनिटं कुठे जातात हे शिक्षकांना सांगायला नको.

जोडीच्या वाचनात एकाने बोट ठेवायचं, दुसऱ्याने वाचायचं, मग बदल. ‘माझ्यामागे म्हणा’ हा प्रकार दहा मिनिटांच्या वर नको. मुलं धडा पाठ करतात आणि पुस्तक उलटं धरूनही म्हणून दाखवतात. शंका आली की धडा शेवटच्या ओळीपासून वाचायला लावावा, किंवा मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारावं.

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसते, तिथे ही आखणी तशीच्या तशी चालत नाही. गोष्ट दोन्ही इयत्तांना एकत्र. नंतर पहिली शिक्षकाजवळ अक्षरकार्डं घेऊन, तेव्हा दुसरी जोडीत वाचते, मग उलट. दुसरीतली जी मुलं अजून जोडून वाचत नाहीत, त्यांना इयत्ता विसरून पहिलीच्या गटात बसवावं. ‘प्रथम’ संस्थेने देशभर पसरवलेल्या पातळीनुसार शिकवण्याच्या कामाचं मर्म हेच: वय किंवा इयत्ता बाजूला ठेवा, मूल अक्षरावर आहे, शब्दावर, परिच्छेदावर की गोष्टीवर ते बघा, आणि तिथून उचला. तपासणीला दर मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. ती महिन्यातून एकदा करावी, एकेकट्याला जवळ बसवून, बाकीचे ऐकत नसताना.

वेगाबद्दल थोडं. 2021 मध्ये सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीला किमान 60 शब्द, समजून वाचणं, असं उद्दिष्ट आहे. त्यातला ‘समजून’ हा शब्द तपासणीच्या धांदलीत गळतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. ‘झाडाखालच्या’ हा एक शब्द आणि ‘तो’ हाही एकच. घड्याळ लावून दोन वेगवेगळ्या उताऱ्यांवरचे आकडे ताडून पाहण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. उतारा एकाच तऱ्हेचा ठेवा आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, एक उताऱ्यात थेट सापडणारा आणि एक अंदाजाचा. घड्याळाच्या धाकाने मुलं शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून उरलेला शब्द ठोकून देतात, ‘घरात’चं ‘घरी’, ‘बसला’चं ‘बसली’. ही सवय लागली की मोडायला वर्ष जातं.

दिवाळीनंतर वर्गात पाच-सहा मुलं अशी उरतात जी पहिल्या दोन गटांतच अडकलेली असतात. त्यांना पुढच्या गटांची कार्डं दाखवत राहून काही होत नाही. रोज अर्धा तास वेगळा काढायचा: पाच मिनिटं कानाचे खेळ, दहा मिनिटं पहिल्याच गटातल्या अक्षरांचे नवे शब्द, दहा मिनिटं त्यांनी तोंडी सांगितलेलं वाक्य शिक्षकाने लिहून त्यांच्याकडून वाचून घेणं, पाच मिनिटं तेच वाक्य कापून, शब्दांच्या पट्ट्या जुळवून लावणं. यांतल्या एखाद्याला डोळ्यांची किंवा कानांची तपासणी हवी असते. फळा दिसत नसलेलं मूल शेजाऱ्याच्या पाटीवरून बघून लिहितं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तपासणी सहा आठवड्यांनी नव्हे, पहिल्या आठवड्यातच सांगावी. त्यातूनही जे मूल हलत नाही, त्याच्यासाठी तालुक्याच्या विशेष शिक्षकाला बोलवावं, आणि बोलावताना सोबत त्याच्या वहीची तारखा घातलेली चार पानं ठेवावीत.